गप्प बसलेल्या शहराची रहस्यकथा

रहस्यकथेत शहर बहुधा नेपथ्यापुरते असते. प्रेत सापडायला एखादी गल्ली लागते, पाठलागाला एखादे रेल्वे स्थानक लागते, आणि शहराचे नाव बदलले तरी कथेचे फारसे काही बिघडत नाही. कार्लोस रुईझ झाफोन या स्पॅनिश लेखकाच्या २००१ साली प्रसिद्ध झालेल्या आणि लुसिया ग्रेव्ह्ज यांनी २००४ मध्ये इंग्रजीत आणलेल्या ‘द शॅडो ऑफ द विंड’ या कादंबरीतून बार्सिलोना वजा केले तर मात्र रहस्यच शिल्लक राहत नाही, कारण जे दडवले गेले आहे ते कोणा एका गुन्हेगाराने दडवलेले नसून, युद्ध हरलेल्या अख्ख्या शहराने भीतीपोटी गिळून टाकलेले आहे.

कथा १९४५ च्या उन्हाळ्यात सुरू होते. सांता आना रस्त्यावर जुन्या व दुर्मिळ पुस्तकांचे दुकान चालवणारा एक विधुर आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, दानिएल सेम्पेरेला, पहाटे उठवून ‘विस्मृत पुस्तकांच्या दफनभूमीत’ घेऊन जातो. ज्या पुस्तकांची कोणालाच आठवण उरलेली नाही, ती या चक्रव्यूहासारख्या वास्तूत ठेवलेली असतात आणि प्रथमच येणाऱ्याने त्यांतले एक निवडून आयुष्यभर सांभाळायचे असते. दानिएल हुलियान काराक्स नावाच्या अज्ञात लेखकाची कादंबरी निवडतो आणि लवकरच त्याला कळते की कोणीतरी काराक्सची प्रत्येक प्रत शोधून जाळत सुटले आहे. जाळणाऱ्याने धारण केलेले नाव हे काराक्सच्याच कादंबरीतील सैतानाचे नाव आहे. यापुढचे कथानक सांगणे वाचकावर अन्याय करण्यासारखे होईल. एवढेच सांगतो की काराक्सचे आयुष्य जसजसे उलगडत जाते तसतसे दानिएलचे स्वतःचे आयुष्य त्याच वळणावर जाऊ लागते, आणि ही समांतर रचना झाफोनने मोठ्या धीराने उभी केली आहे.

गॉथिक म्हणजे ओसाड वाडे आणि गूढ भय यांवर पोसलेल्या कादंबरीची सगळी सामग्री येथे आहे. तिबिदाबो टेकडीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा आल्दाया कुटुंबाचा ओसाड वाडा, त्याच्या पोटातली कोणी न उघडलेली खोली, जळून विद्रूप झालेल्या चेहऱ्याचा माणूस, शापाची कुजबुज, निषिद्ध प्रेम, असे काहीच बाकी ठेवलेले नाही. भूमध्य समुद्राच्या काठी वसलेले बार्सिलोना हे वास्तविक लख्ख उन्हाचे शहर. झाफोनने मात्र त्यावर इतके धुके, इतका पाऊस आणि प्रसंगी हिमही ओतले आहे की पर्यटक म्हणून तेथे जाणाऱ्याला हे शहर ओळखू येणार नाही. काही समीक्षकी मनांना ही कृत्रिमता खटकेल. मला ती खटकली नाही, कारण नाशिकमध्ये राहणाऱ्याला हे रूपांतर अपरिचित नसते: एरवी रोखठोक वाटणारा सराफ बाजार आणि भांडी बाजाराचा परिसर गोदावरीला पूर आला की वेगळाच होतो, पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागले की छातीला याची चौकशी सुरू होते, आणि जुन्या वाड्यांच्या सागवानी खांबांना येणारा ओलसर वास संध्याकाळी वेगळ्याच शंका मनात आणतो.

तरीही धुके आणि वाडा एवढ्यावर ही कादंबरी पाचशेच्या आसपास पाने वाचकाला धरून ठेवू शकली नसती. तिचे खरे बळ तिच्या भीतीच्या स्वरूपात आहे. गॉथिक परंपरेत भीती अलौकिकाकडून येते; येथे ती पोलीस निरीक्षक फुमेरो याच्याकडून येते. शाळेच्या रखवालदाराचा हा मुलगा स्पेनच्या यादवी युद्धात आधी अराजकवाद्यांसाठी, मग साम्यवाद्यांसाठी आणि शेवटी फॅसिस्टांसाठी माणसे छळण्याचे तेच काम करत राहतो आणि प्रत्येक सत्तापालटात एक पायरी वर चढतो. १९३६ ते १९३९ च्या यादवी युद्धात बार्सिलोना प्रजासत्ताकाच्या बाजूने होते, २६ जानेवारी १९३९ रोजी ते प्रजासत्ताकाविरुद्ध उठलेल्या सेनापती फ्रँकोच्या सैन्याच्या हाती पडले आणि १९४० मध्ये बार्सिलोना ज्याची राजधानी त्या कॅटलोनिया प्रांताचे अध्यक्ष लुईस कोम्पानिस यांना शहरातल्याच मोंजुइकच्या किल्ल्यात गोळ्या घालण्यात आल्या. कादंबरीत हाच किल्ला छळछावणी म्हणून पुन्हा पुन्हा येतो. हा इतिहास लेखक व्याख्यानासारखा सांगत नाही. शेजारी बोलता बोलता थांबतात, दरबान माहिती द्यायला कचरतात, एखाद्याचे नाव काढताच दार लोटले जाते, आणि वाचकाला हळूहळू उमगते की दानिएल ज्या गुपिताचा माग काढतो आहे ते पुष्कळांना ठाऊक आहे, पण ते उच्चारण्याची किंमत कोणालाच परवडणारी नाही. सैतानाच्या नावाने फिरणाऱ्या माणसापेक्षा सरकारी ओळखपत्र खिशात असलेला माणूस जास्त भयंकर वाटावा, हे या कादंबरीचे मोठे यश आहे. याच काळात तिथल्या कॅटलान भाषेवर आलेली दडपणे मात्र कथेच्या केंद्रापाशी कुठेच येत नाहीत, ही उणीव भाषिक अस्मितेच्या प्रश्नावर वाढलेल्या मराठी वाचकाला जाणवल्याशिवाय राहणार नाही.

या काळोखात फेर्मीन रोमेरो दे तोरेस हे पात्र आणणे ही लेखकाची सर्वांत शहाणी खेळी आहे. रस्त्यावर भीक मागणारा, पूर्वी प्रजासत्ताकाच्या गुप्तहेर खात्यात काम केलेला आणि फुमेरोच्या छळाचे व्रण अंगावर वागवणारा हा वाचाळ गृहस्थ सेम्पेरेंच्या दुकानात नोकरीला लागतो आणि तेथून पुढे प्रत्येक प्रवेश खाऊन टाकतो. स्त्रिया, अन्न, राजकारण आणि धर्म यांवरची त्याची मते अतिरेकी आहेत, परंतु त्याच्या विनोदामागे जिवंत राहिल्याचे आश्चर्य सतत जाणवते. तो नसता तर कादंबरी स्वतःच्याच गांभीर्याखाली दबली असती, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोष सांगायचे तर रहस्यकथा म्हणून तिचा उत्तरार्ध सैल आहे. ज्या गाठी दानिएलने स्वतः सोडवायच्या, त्यांतल्या बहुतेक काराक्सला जवळून ओळखणाऱ्या नूरिया मोनफोर्तच्या प्रदीर्घ हस्तलिखितातून एकदमच सुटतात, त्यामुळे शोधाचा आनंद संपून निवेदन ऐकणे सुरू होते. त्याआधीही साक्षीदार आपली हकिगत सांगू लागले की निवेदन त्यांच्या तोंडून निसटते आणि त्यांना ठाऊक असणे अशक्य असलेले तपशील सांगू लागते. स्त्री पात्रांपैकी नूरिया तेवढी पूर्ण उभी राहते; काराक्सची प्रेयसी पेनेलोपे ही व्यक्ती न राहता काराक्सच्या दुःखाचे निमित्त होऊन बसते. भाषेतही कधी कधी उपमांची गर्दी होते. या अलंकारिकतेचा मोह गॉथिक प्रकाराला जन्मापासूनचा आहे हे खरे, पण काही परिच्छेद संपादकाने निर्दयपणे कापायला हवे होते.

हे सारे मान्य करूनही पुस्तकप्रेमी वाचकाने ही कादंबरी टाळू नये. पुस्तके वाचकाची वाट पाहत पडून राहतात आणि एकाच वाचकाच्या हट्टाने पुन्हा जिवंत होतात, ही तिची मूळ कल्पना १८४० पासून सार्वजनिक वाचनालय चालवणाऱ्या आणि ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेतून पुस्तकांच्या पेट्या दूरवरच्या वाचकांपर्यंत धाडणाऱ्या नाशिकला नवी वाटणार नाही. एक फरक मात्र लक्षात घेण्यासारखा आहे: आपल्याकडे पुस्तक फिरले म्हणजे वाचले असे आपण समजतो, तर झाफोनच्या दफनभूमीत ते लपले म्हणूनच वाचते.

लुसिया ग्रेव्ह्ज यांचा अनुवाद ओघवता आहे आणि बेताचे इंग्रजी असलेल्यालाही अडचण येणार नाही. पहिली पन्नास पाने एका बैठकीत वाचावीत आणि नावांची एक लहानशी यादी जवळ ठेवावी, कारण हुलियानच्या शाळकरी मित्रांपैकी कोण कुठे पोचला हे पुढे निर्णायक ठरते. कॉलेज रोडवरच्या दुकानात मला हे पुस्तक मागवून घ्यावे लागले. मालिकेतील पुढची तीन पुस्तके २००८, २०११ आणि २०१६ मध्ये स्पॅनिशमध्ये आली असून ती कोणत्याही क्रमाने वाचता येतील अशी लेखकाची योजना होती, तथापि २०११ च्या तिसऱ्या पुस्तकात फेर्मीनचा मोंजुइकमधला भूतकाळ उलगडत असल्याने या कादंबरीपूर्वी ते वाचणे मी तरी सुचवणार नाही.