टेको, खंड की प्रगती नॅरो? मराठी मथळ्यासाठी ठळक, अरुंद फाँट

इंग्रजी पोस्टरवर अँटन किंवा बेबस नोय हा फाँट शोभतो म्हणून तोच मराठीला लावून उपयोग नाही. दोन्हींत देवनागरी अक्षरंच नाहीत. सॉफ्टवेअर गुपचूप दुसरा फाँट घालतं आणि दणकट इंग्रजीशेजारी किडकिडीत मराठी उभी राहते. देवनागरीसकट फुकट मिळणारे, व्यावसायिक कामालाही चालणारे हे तीन फाँट गूगल फाँट्सवर आहेत.

टेको आणि खंड हे दोन्ही इंडियन टाइप फाउंड्रीचे, २०१४ मधले. दोन्हींत लाइट ते बोल्ड अशा पाच जाड्या. टेकोचा बांधा चौकोनी. त्याच्या बोल्डमध्ये अक्षरांच्या आतली पोकळी मुद्दाम आवळलेली आहे, त्यामुळे ‘कबड्डी’सारखा एकच शब्द किंवा जर्सीवरचा आकडा जबरदस्त उठतो. ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ मात्र त्यात गर्दी वाटते: ‘र्दि’वर रफार आणि वेलांटी एकमेकांना खेटतात, ‘च्छा’ लांबून नुसता डाग दिसतो. लांब ओळ टेकोतच हवी असेल तर मीडियमवर थांबा.

खंडची पोकळी मोकळी आहे. जोडाक्षरांनी भरलेल्या तीन-चार शब्दांच्या मथळ्याला आमची पसंती त्यालाच. थंबनेल १२८० पिक्सेल रुंदीचं करत असाल तर १२ टक्क्यांवर झूम करून बघा. खंड सेमीबोल्ड तिथेही बऱ्यापैकी वाचता येतो.

प्रगती नॅरो हा आर्काइव्हो नॅरो या इंग्रजी फाँटचा देवनागरी जोडीदार. रेग्युलर आणि बोल्ड एवढ्याच जाड्या. उपशीर्षक, तक्ता, पत्ता यांना उत्तम. मुख्य मथळ्याला जोर कमी पडतो.

फाँट कुठलाही घ्या, पण साधा फाँट ओढून अरुंद करू नका. रुंदी ७५ टक्के केली की काना तेवढा बारीक होतो, शिरोरेघ मात्र होती तेवढीच जाड राहते. अक्षरांमधलं अंतर वाढवलं तर शिरोरेघ तुटते. इंग्रजी कॅपिटलच्या सवयीने ओळीही खेटवू नका, वरचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. ८० पॉइंटच्या अक्षराला ९० ते ९५ पॉइंट लीडिंग (एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंतचं अंतर) धरून सुरुवात करा.

डाउनलोड केल्यावर आधी ‘दुसऱ्या कुऱ्हाडी, ॲप, शाळा, लाल’ टाइप करून बघा. ‘ऱ्य’ फुटतो का, ‘ॲ’च्या जागी चौकोन येतो का, ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात की हिंदी, हे तिथेच कळतं. इनडिझाइनमध्ये वेलांटी भलतीकडे गेली तर बहुतेक वेळा दोष फाँटचा नसतो. परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर, म्हणजे भारतीय लिप्या नीट जुळवणारी सेटिंग, लावायचा राहिलेला असतो.

फ्लेक्सवाल्याकडे हे फाँट असतीलच असं नाही, म्हणून फाइल कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचं आकृत्यांत रूपांतर करून द्या. कर्व्ह केल्यावर ऱ्हस्व-दीर्घ सुधारता येत नाही, तेव्हा मूळ फाइल वेगळी सेव्ह करा आणि नावांची स्पेलिंगं आधीच तपासून घ्या.