बेलापूरचा अभ्यासवर्ग: जुन्या वायुविहिरी बंद का करतात?

सीबीडी बेलापूरमधील एका खासगी प्रशिक्षण संस्थेने नैसर्गिक वायूच्या जुन्या विहिरी कायमच्या बंद करण्याविषयी घेतलेला शनिवार-रविवारचा अभ्यासवर्ग मी नुकताच पूर्ण केला. शिकवणे जाणकाराचे होते, पण शुल्काच्या मानाने रविवार तोकडा पडला.

शनिवारचे विवेचन मात्र उत्तम. वायू संपला म्हणून विहीर बंद होते, हा समज प्रशिक्षकांनी सुरुवातीलाच खोडून काढला. उत्पादन होत जाते तसा खडकातील दाब घटतो, ट्यूबिंगमधून (विहिरीतील वायू वर आणणाऱ्या नळीतून) वर येणाऱ्या वायूचा वेग मंदावतो आणि एका मर्यादेनंतर त्याला सोबतचे पाणी उचलता येत नाही. मग तळाशी साचलेले हे पाणीच उरलेल्या वायूला दाबून धरते. फेस आणणारी रसायने, कमी व्यासाची ट्यूबिंग, प्लंजर लिफ्ट (पाणी वर ढकलणारा दट्ट्या) किंवा कॉम्प्रेसर यांनी काही काळ निभावते. पण विक्रीच्या उत्पन्नापेक्षा देखभाल महाग पडू लागली, की खाली वायू शिल्लक असूनही विहीर तोट्यात जाते. वायूचा भाव बदलला की ही मर्यादाही पुढेमागे सरकते, हे एका साध्या कोष्टकावरून नेमके समजले.

मग नुसता व्हॉल्व्ह बंद करून का भागत नाही? विहिरीच्या भिंतीला आधार देणारी पोलादी नळी, म्हणजे केसिंग, गंजते, तिच्याबाहेरील सिमेंटला भेगा पडतात आणि त्या वाटेने वायू किंवा खारे पाणी भूजलापर्यंत पोचू शकते. शिवाय हवेत सुटलेला मिथेन 20 वर्षांच्या हिशेबात तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा 80 पटींहून अधिक तापमानवाढ घडवतो. म्हणूनच ठरावीक खोलींवर सिमेंटचे प्लग (बुचे) भरून त्यांची दाबचाचणी घेतात आणि वरची केसिंग जमिनीखाली कापतात.

खटकले ते रविवारचे समुद्रातील विहिरींचे प्रकरण. मुंबई हाय क्षेत्र 1974 मध्ये सापडले आणि तिथला वायू इथून जवळच उरणला उतरतो. तरीही रिगचे भाडे, पावसाळ्यातील खवळलेला समुद्र आणि समुद्रतळाखाली केसिंग कापणे हे सारे जेमतेम काही स्लाइडमध्ये उरकले. या खर्चासाठी आगाऊ रक्कम राखून ठेवण्याच्या 1999 च्या साइट रिस्टोरेशन फंड योजनेचाही निव्वळ नामोल्लेख झाला. वास्तविक अमेरिकेला बेवारस (बंद न करताच सोडून दिलेल्या) विहिरींसाठी 2021 च्या कायद्यात 4.7 अब्ज डॉलरची तरतूद का करावी लागली, हे तिथेच सांगता आले असते.

फक्त शनिवारपुरती नोंदणी होत असेल, तर अभियंत्यांनी ती अवश्य करावी.