बाई तीच, उखळ तेच, नाव तेवढं वेगळं

कोल्हापुरात कांदा-लसूण मसाल्याला आम्ही चटणी म्हणतो. वर्षाची चटणी. ब्याडगी रंगाला, लवंगी तिखटाला, संकेश्वरी चवीला, आणि उन्हाळ्यात मिरची कुटायच्या डंकाबाहेर डबे घेऊन रांग. सासूबाई पाहुण्यारावळ्यांना करून द्यायच्या, त्याचा मी धंदा करायला घेतला. ब्रँडचं काम ज्याला दिलं, त्यानं पहिल्या डिझाइनमध्ये वाटीभर हिरवी चटणी काढून पाठवली. वर पुदिन्याचं पान. तिथंच थांबायला हवं होतं. आम्ही हसलो, ‘लांबचा माणूस, त्याला काय माहीत’ म्हणालो आणि मिरच्यांचे फोटो पाठवले.

हा फ्रीलान्सर इन्स्टाग्रामच्या जाहिरातीतून सापडला. बोलायला गोड, प्रत्येक वाक्यात मॅडम. आधीची कामं म्हणून त्यानं चहा, साबण, गुळाच्या ब्रँडचे फोटो दाखवले, एकाहून एक देखणे. पॅकेज ३५,००० रुपयांचं: लोगो, पाऊच, व्हिजिटिंग कार्ड, लेटरहेड. निम्मे आधी, निम्मे फाइल देताना. दर काही अंगावर येणारा नव्हता, म्हणूनच संशय आला नाही. फुकट म्हणाला असता तर आले असते सावध.

दुसऱ्या खेपेला आलं ते चित्र बघून घरात सगळे गप्पच झाले. नऊवारीतली बाई, हातात मुसळ, समोर उखळ. आणि ते नुसतं चित्र नव्हतं, उभ्या पाऊचवर बसवलेलं, लाकडी टेबलावर, मागून ऊन. याला मॉकअप म्हणतात, आणि कोणतंही चित्र त्या तयार साच्यात टाकलं की असंच झकास दिसतं, हे आता कळतंय. त्या दिवशी सासूबाईंनी पदरानं मोबाइल पुसून परत बघितलं होतं. फक्त ‘मिरची’चं ‘मरिची’ झालं होतं, वेलांटी म सोडून र वर जाऊन बसलेली. ‘सॉफ्टवेअरमुळे तसं दिसतंय’ म्हणाला. मराठी नीट न जुळवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये असं होतं खरं, पण ज्याला मराठी वाचता येतं त्याच्या ते पाठवण्याआधी डोळ्यांत खुपतं.

पैसे पुरे दिले, फाइल आली, घेऊन पाऊचवाल्याकडे गेले. ऑपरेटरनं ती मोठी केली. बाईच्या नाकातली नथ म्हणजे सहा चौकोन उरले. ‘ताई, ही जेपीजी आहे. ओपन फाइल आणा, सीडीआर नाहीतर एआय.’ म्हणजे कोरलड्रॉ नाहीतर इलस्ट्रेटरमधली मूळ फाइल, जिच्यातली रेघ न् रेघ बदलता येते. फोन केला तर उत्तर तयार होतं: ओपन फाइल पॅकेजमध्ये नाही, तिचे वेगळे १२,०००. दिले. दिवाळीआधी माल बाजारात जायचा होता, आणि ३५,००० आधीच अडकलेले. बारा हजारांची फाइल उघडली तर एआयच्या पोटात तीच जेपीजी चिकटवलेली! शेवटी ऑपरेटरनंच दोन दिवस बसून ती बाई रेघेरेघेनं परत काढली.

पाऊचच्या प्लॅस्टिकवरच्या ग्रॅव्युअर छपाईला प्रत्येक रंगाचा वेगळा, चित्र कोरलेला सिलिंडर लागतो. पाच रंग, पाच सिलिंडर, २२,५००. शिवाय छापलेल्या प्लॅस्टिकचा कमीत कमी दीडशे किलोचा रोल, तो ४५,०००. रंग बदला नाहीतर रेघ बदला, सिलिंडर नव्यानं कोरावा लागतो. डिझाइनमधली चूक कागदावर स्वस्त असते, सिलिंडरवर नाही.

पुण्यात बचतगटांच्या एका प्रदर्शनात स्टॉल घेतला होता. दुसऱ्या दिवशी मुलगी पळत आली. ‘आई, आपली बाई तिकडं पापड विकतेय.’ गेले तर खरंच तीच. तीच नऊवारी, तेच उखळ, मुसळ धरलेला हात तेवढाच वाकलेला. जळगावकडच्या काकू होत्या. मी जरा तावातावानं विचारलं, लोगो कुठून घेतला? त्या शांतपणे म्हणाल्या, ‘भाचीनं मोबाइलवर केला ना. कॅनव्हा ॲपवर तयार मिळते ती बाई. पैसे कशाचे?’

रात्री मुलीनं गूगल लेन्सवर ते चित्र टाकलं. आमची बाई हळद, लोणची, झालंच तर एका केटरिंगवाल्याच्या गाडीवरसुद्धा होती. फ्रीलान्सरनं दाखवलेले गूळ-साबणही शोधले. ते परदेशातल्या कुणा डिझाइनरचं काम निघालं, नाव पुसून स्वतःचं म्हणून लावलेलं. पाच मिनिटांचं काम. पैसे देण्याआधी केलं असतं तर! त्या गूळवाल्याला एक फोन लावून ‘काम कसं झालं’ विचारायलाही खर्च नव्हता.

फ्रीलान्सरला मेसेज केला. दोन निळ्या टिका आल्या, मग फोटो गेला, मग नंबरच लागेना. पोलीस ठाण्यात गेले तर ‘काम दिलंय ना त्यानं? मग हा तुमचा आपसातला व्यवहार’ म्हणाले.

वकिलांनी शांतपणे ऐकून पहिला प्रश्न विचारला, ‘लिहून काय घेतलंय?’ काहीच नाही, व्हॉट्सॲपवरचे नमस्कार. मग त्यांनी समजावलं. अशा तयार चित्रांचा परवाना सगळ्यांना सारखाच असतो, त्यावर ट्रेडमार्क करता येत नाही. आणि समजा लोगो त्यानं स्वतः काढला असता, तरी पैसे दिले म्हणून तो आपोआप माझा झाला नसता. कॉपीराइट कायदा १९५७चा, त्याचं कलम १९: हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी हवा, सहीनिशी. त्यात मुदत लिहिली नाही तर ५ वर्षंच धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतंच. नणंद दर सुट्टीत शारजाला डबे नेते, तिकडं दुकानात ठेवू म्हणते, तेव्हा हे वाक्य मी दोनदा विचारून घेतलं. नाव मात्र आमचंच होतं. ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या साइटवर शोध फुकट असतो, तो घेतला आणि नुसत्या शब्दाचा अर्ज वर्ग ३०मध्ये, म्हणजे मसाले येतात त्या वर्गात, भरला. एकट्या माणसाला ऑनलाइन फी ४,५००. सगळ्या प्रकरणात वसूल झालेला खर्च हाच.

अर्धा रोल आम्ही लाज गिळून वापरला. मग एका गिऱ्हाइकाचा फोन आला की तुमचे पापड तळल्यावर मऊ पडतात. त्या दिवशी ठरवलं.

नवीन काम कलानिकेतन या कला महाविद्यालयात शिकलेल्या इथल्याच एका मुलीला दिलं. ती घरी आली, सासूबाईंना ‘आजी, चटणी कशात भरून ठेवता?’ विचारलं, चिनी मातीची बरणी बघितली, तोंडावर बांधलेलं फडकं, म्हणजे दादरा, सोडून झाकण हुंगलं. आठवड्यानं वहीतली पेन्सिलची कच्ची चित्रं घेऊन आली, खोडलेल्या रेघांसकट. त्या खोडलेल्या रेघा बघून मला हुश्श झालं. पाचशेच्या स्टँप पेपरवर सगळं लिहिलं: चित्र स्वतःचं, हक्क कायमचे आणि जगभरासाठी आमचे, ओपन फाइल आणि फॉन्टचा परवाना त्याच पैशांत, शेवटचा हप्ता पाऊचवाल्यानं फाइल उघडून ‘चालतंय’ म्हटल्यावर. लिहून मागताना मलाच कसंनुसं होत होतं. ती म्हणाली, ‘काकू, बरं झालं, मलाही लोक पैसे बुडवतात.’

उरलेला रोल जिन्याखाली आहे. सासूबाई त्यातला हातभर कापून घेतात, छापील बाजू खाली करून गच्चीवर पसरतात आणि वर मिरच्या वाळत घालतात. परवा वारा आला, प्लॅस्टिक उलटलं, तर साऱ्या बाया मुसळं घेऊन ओळीनं उभ्या.