बटणं ॲपनं हलवावीत की माणसानं?

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी पुण्यातल्या बस-मेट्रोचं ॲप करायचं ठरवलं असेल, तर 'प्रवाशाला ओळखून स्क्रीन बदलेल' असं प्रस्तावात लिहिण्याआधी एक गोष्ट नक्की करा. बदल कोण करणार, ॲप की प्रवासी? दोन्हींचं काम अगदी वेगळं आहे.

ॲपनं स्वतः बदलायचं, तर वेळ, जागा आणि हालचालीवरून अंदाज बांधावा लागतो. बिल शिलिट, नॉर्मन ॲडम्स आणि रॉय वाँट यांनी १९९४ मध्येच परिसर ओळखून वागणाऱ्या संगणकाची कल्पना मांडली होती. सकाळी स्वारगेटला ॲप उघडलं की हिंजवडीची बस सगळ्यात वर, काही टाइप करायला नको. एका हातात डबा आणि छत्री असणाऱ्याला याचं मोल कळतं. पण शिवाजीनगर ते स्वारगेट मेट्रो जमिनीखालून जाते आणि तिथे जीपीएस मिळत नाही, म्हणजे अंदाजाचा आधारच जातो. शिवाय नव्या माणसाबद्दल ॲपला काहीच ठाऊक नसतं. सवयींची नोंद साठायला काही आठवडे जातात, आणि तुमच्या हातात एकच सत्र असतं.

प्रवाशानं बदलायचं, तर नेहमीचे मार्ग तो स्वतः वर आणून ठेवतो. करायला सोपं, तपासायलाही सोपं. अडचण एवढीच की सेटिंगमध्ये शिरायचा कंटाळा बहुतेकांना असतो.

लिआ फिंडलेटर आणि जोआना मॅकग्रेनेअर यांनी २००४ मध्ये संगणकावरच्या मेनूंची अशीच तुलना केली. आपोआप बदलणाऱ्या मेनूपेक्षा न बदलणारा मेनू वेगवान ठरला, आणि बहुतेकांची पसंती स्वतः बदलता येणाऱ्या मेनूला होती. कारण उघड आहे. बोटाला जागा पाठ झालेली असते. ती हलली की डोळ्यांना पुन्हा शोधावं लागतं. मात्र २००८ मध्ये त्यांनीच मोबाइलएवढ्या छोट्या स्क्रीनवर प्रयोग केला, तेव्हा अंदाज अचूक असेल तर आपोआप बदलाचा फायदा मोठ्या स्क्रीनपेक्षा जास्त दिसला. तोटाही दिसला: न वापरलेल्या सोयी लोकांच्या लक्षातच येत नाहीत. मोबाइलचा प्रकल्प करणाऱ्यांनी हे दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचावेत, नुसता पहिला वाचून आपोआप बदलावर काट मारू नये.

माझा कौल मिश्र मांडणीला. तिकीट आणि पैसे भरायचं बटण कधीही हलवू नका. तिथली चूक थेट खिशाला लागते. मार्गांची यादी प्रवाशाच्या हाती द्या. ॲपचा अंदाज वरच्या एकाच ठरावीक पट्टीत दाखवा, म्हणजे चुकला तरी खालचं सगळं जागच्या जागी राहतं. चालताना अक्षरं-बटणं मोठी करणं, उन्हात उजेड वाढवणं, असले बदल मात्र ॲपनं बिनधास्त करावेत. स्क्रीन आडवी-उभी फिरणं हा त्याच जातीचा बदल. केन हिंकली आणि सहकाऱ्यांनी तो २००० मध्ये सेन्सर लावून दाखवला होता, आणि नको असेल तेव्हा तो एका टिचकीत बंद करता येतो. तुमच्याही प्रत्येक आपोआप बदलाला तशी कळ हवी.

लोकेशनची परवानगी मागताना ती कशासाठी हवी ते मराठीत स्पष्ट लिहा. ती नाकारली तरी तिकीट निघालंच पाहिजे. आणि चाचणी प्रयोगशाळेतल्या खुर्चीत बसून घेऊ नका. संध्याकाळी लक्ष्मी रस्त्यावर, जमलं तर पावसात घ्या. ओल्या काचेवर थेंबालाही फोन बोट समजतो, आणि मोठ्या बटणाचा उपयोग तिथेच कळेल.