साडीच्या दुकानानं दिलेलं कर्ज

आधीच सांगतो, मी अडाणी नाही. इंजिनिअरिंग झालंय, घरातली लाइटबिलं मीच ऑनलाइन भरतो, आणि ‘तुमची केवायसी संपली’वाल्यांचे फोन आजवर तीनदा शिव्या देऊन ठेवलेत. तरीही गेल्या वर्षी जूनमध्ये एका लोन ॲपवरून हातात आलेल्या १२,४०० रुपयांपायी मी ३४,१०० रुपये भरले.

कॅम्पसमधून नोकरी लागली होती, हिंजवडीत. जॉइनिंग १ जुलै. मधले दिवस मोकळे, म्हणून चौघांनी मनालीचं ठरवलं. दिल्लीपर्यंत रेल्वे, पुढे व्होल्वो, माणशी १८,०००. माझ्याकडे ६,००० होते. पप्पांकडे मागितले असते तर त्यांनी दिले असते, आणि म्हणूनच मागितले नाहीत. चार वर्षं फी त्यांनी पतसंस्थेतून उचलून भरलीय. आता हिंडायलाही द्या म्हणू? कर्ज काढून फिरायची हौस कशाला, असं म्हणणारे भेटतात. म्हणू देत. प्रोबेशनमध्ये आठ दिवस सुट्टी कुणी देत नाही, आणि महिन्याला २७ हजार येणार असताना १२ हजार फेडणं काही अवघड नव्हतं. माझं गणित मला बरोबर वाटत होतं. ज्याच्याशी मांडलं तो चोर निघाला.

रील बघताना जाहिरात आली. २०,००० पर्यंत, ९१ दिवस, वर्षाला १२ टक्के. दाबलं तर प्ले स्टोअर उघडलंच नाही, थेट फाइल उतरली. ‘अनोळखी स्रोत’ म्हणून मोबाईलनं बजावलं, मी ‘तरीही इन्स्टॉल करा’ दाबलं. प्ले स्टोअरवर ६० दिवसांच्या आत सगळं फेडायला लावणारं पर्सनल लोनचं ॲप चालत नाही, म्हणून ही मंडळी बाहेरून फाइल देतात, हे आता कळतंय. पुढे आधार, पॅन, सेल्फी. मग कॉन्टॅक्ट आणि गॅलरीची परवानगी. दिली. त्या यादीत मामा होते, दहावीच्या मॅडम होत्या, आणि चारच दिवसांपूर्वी सेव्ह केलेला, नावापुढे ‘एचआर’ लिहिलेला एक नंबर होता.

खरी अक्कल गहाण पडली ती यानंतर.

९ जूनला दुपारी चार मेसेज लागोपाठ वाजले. प्रत्येकी ३,१०० जमा, आणि पाठवणारे चार वेगळे. एक कुठलंसं एंटरप्रायझेस, एक ट्रेडर्स, एक कुणातरी बाईचं नाव आणि चौथं चक्क साडी सेंटर. मी मोबाईल रूममेटपुढे धरला आणि म्हणालो, “हे बघ, साडीच्या दुकानानं लोन दिलं!” दोघंही खो खो हसलो. त्यानं तर स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकला, ‘भावाला पैठणीवाले पावले’ म्हणून. तो स्क्रीनशॉट अजून आहे माझ्याकडे.

हसण्याऐवजी एक मिनिट विचार करायचा होता. कर्ज देणारी बँक किंवा एनबीएफसी (बँक नसलेली, पण कर्ज देणारी कंपनी) स्वतःच्या खात्यातून थेट तुमच्या खात्यात पैसे टाकते, मध्ये तिसऱ्याचं खातं येत नाही. रिझर्व्ह बँकेचा हा नियम २०२२ पासून आहे. पैसे घेण्याआधी व्याज, फी, एकूण परतफेड सांगणारा कागद मिळायला हवा, तोही नियमच. मला कागद मिळाला नाही आणि मी मागितलाही नाही. २०,००० मधले ७,६०० कापले, म्हणजे ३८ टक्के, तेही ‘प्रोसेसिंग फी असेल’ म्हणून गिळले. खरं कारण सांगतो. मला लागत होते १२,०००. आले १२,४००. म्हणून गप्प बसलो.

१५ जूनला आम्ही अटल बोगद्यापलीकडे सिस्सूला होतो. मॅगीची प्लेट नुकतीच हातात आलेली. फोन आला, हिंदीत, सुरुवातच शिवीनं. उद्या सातवा दिवस, २०,००० भर. ९१ दिवस कुठं गेले विचारलं तर म्हणाला, ॲप उघडून बघ. उघडलं तर एका कर्जाची चार झालेली, प्रत्येकी ५,०००, मुदत सात दिवस. भरायचे नसतील तर सात दिवस वाढवायला प्रत्येकी १,९००. ट्रिपसाठी उरलेल्या पैशातून ७,६०० तिथंच पाठवले. परतीचं सगळं मित्रांनी बघितलं. या ७,६०० नं मुद्दल एक रुपयानंही कमी होत नाही, हे लक्षात ठेवा. तुम्ही भरणारे आहात, एवढंच त्यांना कळतं.

घरी आलो, कराडला. २१ तारखेला २०,००० भरले. ८,००० मित्राचे उसने, १२,००० आईच्या भिशीचे. आईला सांगितलं की पुण्याच्या रूमचं डिपॉझिट आहे. वाटलं, सुटलो. २३ ला पुन्हा फोन, एका कर्जाचे पैसे भरल्याचं ‘दिसत नाही’, दंडासकट ६,५००. या वेळी मी नाही म्हणालो. वीस मिनिटांत मामांचा फोन, “काय रे, हे काय आलंय?” माझा सेल्फी, खाली आधार कार्ड, वर लाल अक्षरात ‘चोर’, आणि शेजारी नको ते जोडलेलं एक चित्र. मॅडमना गेलं. एचआरच्या नंबरलाही गेलं. जॉइनिंगला आठ दिवस होते, बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन चालू होतं. फॉर्मल शर्ट-बुटांसाठी ठेवलेले ६,५०० मी पाठवून दिले. लाज होती, दुसरं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी परत मागितले, तेव्हा कुठं ब्लॉक केलं.

हे मी पहिल्या फोनलाच करायला हवं होतं. सगळ्यांना आपणच आधी एक मेसेज टाकायचा की माझ्या नावानं घाण येईल, उघडू नका. मी टाकला तो सगळं होऊन गेल्यावर.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदवली, पोर्टलवरच्या तक्रारीचा नंबर मिळाला. तो घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. समोरच्यांनी आधी विचारलं, “पैसे घेतले होतेस का?” हो म्हणालो. “मग फेडायला नको?” म्हटलं साहेब, फेडलेत, पावणेतीनपट. मग हद्द निघाली. घर इथं, रूम पुण्यात, पैसे पाठवले हिमाचलातून, तर तिकडं जा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यात हद्द न बघता गुन्हा नोंदवायची तरतूद आहे, हे मी वाचून गेलो होतो. बोललो. “वकील आहेस का?” मग एकानं विचारलं, “सहल तरी बरी झाली का?” आतले दोघं हसले. अर्ज घेतला, शिक्का मारून प्रत दिली नाही. तीन खेपा झाल्या, तिन्ही वेळा ते ‘साहेब बंदोबस्ताला’. बँकेत गेलो तर काउंटरवरून उत्तर आलं, पिन तुम्हीच टाकलाय ना?

आणि एवढ्यावर भागलं नाही. ३१ जुलैला पहिला पगार आला, २७,३५०. २ ऑगस्टला पीजीचे ८,५०० पाठवायला गेलो तर व्यवहार होईना. शाखेत सांगितलं, खातं गोठवलंय, दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांचं पत्र आहे. माझ्या खात्यात संशयित पैसे आले होते म्हणे. किती? ३,१००. कुणाकडून? साडीवाल्यांकडून! म्हणजे माझ्यासारख्याच कुणाला तरी पिळून काढलेले पैसे त्यांनी मला कर्ज म्हणून दिले होते. फसवले गेल्याची माझी तक्रार ठाण्यात पडून, आणि संशयित म्हणून माझं खातं मात्र बंद. बँक म्हणे तपास अधिकाऱ्याचं पत्र आणा. ते अधिकारी फोन उचलत नाहीत, ईमेलला उत्तर नाही. १९ दिवस ऑफिसमध्ये नवा पगारदार म्हणून मिरवलो आणि डबा दुसऱ्याच्या पैशानं खाल्ला.

ट्रिपला जायचंच असेल तर घरी तोंड उघडा. नाहीतर दिवाळीला जा, मनाली कुठं पळत नाही. जॉइनिंगनंतरचा पहिला महिना डिपॉझिट, प्रवास, कपड्यांतच जातो, हा खर्च मी धरलाच नव्हता. ॲपवरूनच घ्यायचं असेल तर कर्ज देणाऱ्या संस्थेचं नाव आधी विचारा आणि रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या डिजिटल लेंडिंग ॲपच्या यादीत ते ॲप शोधा. कॉन्टॅक्ट मागितले की तिथंच डिलीट.

मामांनी घरी काही सांगितलं नाही. एचआरनंही विषय काढला नाही, पण लिफ्टमध्ये भेटल्या की मी मोबाईलमध्ये बघतो. आईच्या भिशीतले ५,००० अजून द्यायचेत. खातं सुरू झालंय, ते ३,१०० मात्र अजून होल्डवर आहेत.