चंद्राची नकली माती विकत घ्यावी का? मेअर आणि हायलँड, दोन्ही वापरून सांगतोय

आमच्या लॅबमध्ये चंद्राच्या मातीच्या विटा भाजायचा आणि जमलं तर त्यातून धातू काढायचा प्रोजेक्ट चालू आहे, त्यासाठी बाहेरून सिम्युलंट, म्हणजे पृथ्वीवरच्या दगडापासून बनवलेली नकली माती, मागवलं होतं. एक पिशवी मेअरची, म्हणजे चंद्रावर काळे डाग दिसतात तिथली माती, आणि एक हायलँडची, उजळ भागातली. दुकानाचं नाव लिहीत नाही, विकणारे मोजकेच आहेत, शोधलं की सापडतात. आधीच सांगून टाकतो, हायलँडवाली घ्या, मेअरवाली महाराष्ट्रात बसून मागवायची अजिबात गरज नाही.

खरी माती मिळेल ही आशा सोडा. अपोलोच्या सहा मोहिमांनी मिळून आणली 382 किलो, चीनच्या चांग ई 5 ने 2020 मध्ये 1.731 किलो, ती काय कोणी आपल्याला भट्टीत घालायला देणार आहे का.

तर मेअर. हा शेवटी बेसॉल्टच, म्हणजे लाव्हा थंड होऊन झालेला काळा दगड. नासाचं जेएससी-1 नावाचं जुनं गाजलेलं सिम्युलंट आहे ना, तीसुद्धा अ‍ॅरिझोनातली ज्वालामुखीची राखच आहे. आता आपण तर अख्खे काळ्या दगडावर बसलोय, सह्याद्री दुसरं काय आहे, लोणारला बाहेरचे शास्त्रज्ञ येतात तेही बेसॉल्टमध्ये उल्केच्या धडकेनं झालेलं असं विवर पृथ्वीवर क्वचितच मिळतं म्हणून. खडी क्रशरवरून डस्ट आणली, वाळवली, बॉल मिलमध्ये फिरवून चाळली आणि प्रेसमध्ये दाबून पेलेट (छोट्या वड्या) केले, ते विकतच्या मातीच्या पेलेटशेजारी ठेवले तर नुसतं बघून कुठला कुठला ते सांगता येईना. राखेत काच जास्त असते म्हणून ती थोडी लवकर चिकटते, डस्टला भट्टी जरा वाढवावी लागते, एवढाच काय तो फरक जाणवला. किमतीचं विचाराल तर आमच्या पिशवीच्या पैशात डस्टचा ट्रॅक्टर आला असता.

हायलँडचं तसं नाही. ती अ‍ॅनॉर्थोसाइटची, पांढरट राखाडी दगडाची, आणि तो दगड दख्खनमध्ये नाही. चांद्रयान 3 ऑगस्ट 2023 मध्ये उतरलं तिथं प्रज्ञाननं मोजलेली मातीपण याच जातीची निघाली. इस्रोनं चांद्रयान 2 च्या टेस्टिंगसाठी तमिळनाडूत सेलमजवळच्या सीतमपुंडीचा दगड दळून स्वतःची माती बनवली, 2020 मध्ये पेटंटही मिळालं. आपल्याला तिथून दगड आणून दळत बसणं परवडत नसेल तर विकतची घ्या, माल चांगला आहे, कण टोकदार आहेत, सगळ्या साइजचे मिसळलेले आहेत.

वापरताना एक सांगतो, साध्या मफल फर्नेसमध्ये (आत हवा असलेल्या लॅबच्या भट्टीत) भाजू नका. हवेत भाजली की त्यातलं लोखंड ऑक्सिजन खातं आणि राखाडी पेलेट तपकिरी होऊन बाहेर येतो, मेअरवाला तर सरळ मंगलोरी कौलासारखा. चंद्रावर हवाच नाही त्यामुळे तिथं असं काही होणार नाही, मग तुमचे आकडे कशाला लागू पडणार? आर्गॉन नाहीतर व्हॅक्यूम पाहिजे.

आणि मायक्रोवेव्हनं माती भाजणारे असाल तर पैसे घालवू नका. खऱ्या मातीत कणांवरच्या काचेत लोखंडाचे अतिसूक्ष्म ठिपके असतात, बारीक उल्कांचा मारा आणि सौरवारा यांनी तयार झालेले, त्यामुळे ती मायक्रोवेव्हमध्ये झपाट्यानं तापते, हे टेनेसी विद्यापीठाच्या लॅरी टेलर यांनी अपोलोच्या मातीवर दाखवलंय. नेहमीच्या नकली मातीत ते ठिपके नसतात.

धातू आणि ऑक्सिजन काढण्यासाठी मात्र मस्त. मातीच्या वजनात 40 टक्क्यांहून जास्त ऑक्सिजनच आहे, बाकी सिलिकॉन, अ‍ॅल्युमिनियम, कॅल्शियम, लोखंड. ब्लू ओरिजिन या अमेरिकन रॉकेट कंपनीनं 2023 मध्ये सांगितलं की त्यांनी असंच सिम्युलंट 1600 अंशांच्या वर वितळवून त्यात वीज सोडून सिलिकॉन वेगळं काढलं आणि सोलर सेलही बनवले. मला या सगळ्या विषयातलं हेच खरं पटतं. अवकाशात सौरऊर्जा केंद्र ठेवून वीज खाली पाठवायची कल्पना अमेरिकन इंजिनिअर पीटर ग्लेझर यांची, 1968 ची, आणि त्याचं सामान चंद्रावरून उचला हे भौतिकशास्त्रज्ञ जेरार्ड ओनील 70 च्या दशकापासून सांगत होते, कारण चंद्रावरून सुटायला सेकंदाला 2.4 किमी वेग पुरतो, इथून 11.2 लागतो. बिल कोण भरणार ते सोडा, हिशोब बरोबर आहे.

लॅबमध्ये कोणीही आलं की हीलियम-3 चं, म्हणजे चंद्रावरून आणून अणुभट्टीत जाळायच्या वायूचं, विचारतं. अहो, ते खऱ्या मातीतच अब्जात काही भाग आहे, ते जाळणारी चालू अणुभट्टी कुठेही नाही, आणि या पिशवीत तर ते मुळीच नाही.

पॅकिंग नीट होतं, डबल पिशवी. उघडताना एन95 लावा आणि पंखा बंद करा, आमच्याकडे अजून कीबोर्डमधून निघतेय.