नॉर्थ ऑक्सफर्डच्या व्हिक्टोरियन व्हिलात राहताना: हिवाळा ते उन्हाळा

ऑक्सफर्डच्या उत्तरेला सेंट जॉन्स कॉलेजच्या जमिनीवर 1860 नंतर ज्या व्हिला उभ्या राहिल्या, त्यांतल्याच एका घराचा मधला मजला आम्ही ऑक्टोबरपासून भाड्याने घेतला आहे. अशी घरं बघायला येणारे उंच छत आणि टोकदार कमानी बघून भाळतात. ते घर चालतं कसं, हे मात्र कुणी सांगत नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

हे घर कोळशाच्या आगीसाठी बांधलेलं आहे, हे एकदा लक्षात आलं की बाकी सगळं उलगडत जातं. प्रत्येक मोठ्या खोलीत फायरप्लेस होती. आग पेटली की धुराडं खोलीतली हवा वर ओढायचं आणि दारं-खिडक्यांच्या फटींतून ताजी हवा आत यायची. भिंती भरीव विटांच्या, सांध्यांत चुना. चुना ओल शोषून घेतो आणि हवा खेळती असली की सोडूनही देतो. आता धुराड्यांची तोंडं बुजवलेली आणि खिडक्यांखाली रेडिएटर. हवेची वाटच बंद झाल्यावर नोव्हेंबरात उत्तरेकडच्या बेडरूमच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरली. बाहेरून बघितलं तर नेमक्या त्याच जागी पूर्वी कुणीतरी विटांमधले सांधे सिमेंटने भरलेले. सिमेंट पाणी अडवून धरतं, मग विटांचेच पापुद्रे सुटतात. घरमालकांनी वसंतात सिमेंट खरवडून चुना भरून घेतला आणि बुजवलेल्या फायरप्लेसला जाळी बसवली. कोपरा सध्या कोरडा आहे, पण खरं काय ते येत्या हिवाळ्यात कळेल.

खिडक्यांवर माझा फार जीव जडला आहे. वरचं आणि खालचं, दोन्ही तावदानं उभी सरकतात. चौकटीच्या पोकळीत कप्पीवरून दोरीने लोखंडी वजनं सोडलेली असतात, त्यामुळे एवढं जड तावदान एका हाताने उचलतं. उन्हाळ्यात वरचं थोडं खाली ओढायचं, खालचं थोडं वर करायचं. गरम हवा वरून जाते, गार खालून येते. जुलैत पंखा लावावा लागला नाही. एक दोरी तुटली तेव्हा सुताराने सकाळभरात नवी ओवून दिली, खिडकी बदलावी लागली नाही. हिवाळ्यात मात्र एकेरी काचेतून गारवा उतरतो आणि हीटिंगचं बिल जड जातं. खिडकीच्या बाजूला दुमडून ठेवलेल्या लाकडी झडपा अंधार पडताच लावल्या की खोलीत लगेच फरक जाणवतो. त्या रंगाने चिकटून बसल्या असतील तर आधी सोडवून घ्या.

घराची मांडणी नोकरमाणसांच्या जिवावर बेतलेली होती. अर्ध्या तळघरात स्वयंपाकघर, मागून अरुंद जिना, पोटमाळ्यावर मोलकरणींच्या खोल्या. फ्लॅट पाडताना एका सुंदर बेडरूमचे दोन भाग केले, त्यातला एक आमचं स्वयंपाकघर. छताकडेची प्लास्टरची वेलपत्ती पार्टिशनने मध्येच कापली आहे, ते बघून अजूनही वाईट वाटतं. फोडणीचा वास जायला तिथे एक लहानसा पंखा आहे, तो पुरत नाही.

या वसाहतीच्या सुरुवातीच्या पुष्कळ घरांचे आराखडे विल्यम विल्किन्सन यांचे. नॉरहॅम गार्डन्स या रस्त्यावरचं 7 नंबरचं घरही त्यांचंच, तिथे संस्कृतचे अभ्यासक मॅक्स म्युलर राहत. पंडिता रमाबाई 1883 ते 1886 या काळात इंग्लंडमध्ये होत्या, तेव्हा त्या म्युलर यांच्याकडे पाहुण्या म्हणून राहिल्या होत्या. फिरायला गेले की त्या घरासमोर मी थोडी थांबतेच. पिवळट विटा, दगडी कमानी, उंच धुराडी. ज्या उंबऱ्यातून आमची रमाबाई आत गेली असेल, त्याच घडणीच्या घरात आपण राहतो, याचं मला अप्रूप आहे.

करार आम्ही वर्षभर वाढवला. तुम्ही असं घर बघायला गेलात तर उत्तरेचा कोपरा हाताने चाचपा, प्रत्येक तावदान स्वतः सरकवून बघा, धुराड्यांना हवेची वाट ठेवली आहे का ते विचारा. आणि बाहेरच्या भिंतीला कपाट टेकवून ठेवू नका, चार बोटं जागा सोडा.